सदाफुलीचा गळीत हंगाम

कौसल्याबाईंनी सोमवारी सकाळी पुण्यात पहिलं इंजेक्शन घेतलं आणि हिंदुराव शिर्के हरले. पण माळेगावच्या शिर्क्यांत आजवर कुणी हरलेलं नाही. मागं सोसायटीच्या निवडणुकीत हिंदुराव पडले तेव्हाही घरात पेढे वाटले होते, कारण समोरचा 'म्हणावा तसा' निवडून आला नव्हता. तेव्हा वरचं पहिलं वाक्य वाचलंच नाही असं धरून चालावं. घरातले सगळे तसंच धरून चालतात.

तर रविवार उजाडला, तेव्हा हिंदुराव जिंकत होते.

अंगणात रसवंतीचा चरक उभा होता. त्याला झेंडूची माळ, रोलरला हळदीकुंकू, आणि शेजारी उसाच्या वाढ्यानं आवळून बांधलेली हिरवीगार मोळी. लांबून बघणाऱ्याला वाटावं, घरचा ऊस गाळायला काढलाय. जवळ गेल्यावर मोळीतून गुलाबी-पांढरी फुलं डोकं वर काढून बघताना दिसत. कारखान्याचा हंगाम मोळी टाकल्याशिवाय सुरू होत नाही, मग सदाफुलीचा कसा होईल, असं हिंदुरावांचं म्हणणं होतं.

छकुली, कौसल्याबाईंची लेक, सोप्यात बसून आईची पिशवी भरत होती. रिपोर्टांचं पाकीट, दोन पातळं, टॉवेल, ओडोमॉस. ही पिशवी तिनं मागच्या आठवड्यातही भरली होती आणि परत उपसली होती. छकुलीचं खरं नाव अनुपमा. बारामतीच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती पोरांना परीक्षानळी कशी धरायची ते शिकवायची. तिथं सगळे तिला मॅडम म्हणत. माळेगावच्या एसटीतून खाली पाय टाकला की ती पुन्हा छकुली व्हायची, आणि छकुलीचं कुणी ऐकत नसे.

कौसल्याबाईंच्या मानेवर गाठी आल्या त्या थंडीत. आधी शेक झाला, मग लेप झाला, मग पुणं झालं. तिथल्या डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढून तपासला आणि सांगितलं, कॅन्सर आहे, पण हा औषधाला ऐकणारा आहे. फक्त औषध वेळेवर सुरू झालं पाहिजे. डॉक्टर भला माणूस. त्यानं सगळं बैजवार समजावून सांगितलं, आणि तीच त्याची चूक झाली. बाईंच्या तोंडचं पाणी पळालेलं बघून तो म्हणाला, "अहो, भिताय काय? या चार औषधांतलं एक तर तुमच्या अंगणातल्या सदाफुलीपासूनच निघतं."

कौसल्याबाईंना धीर आला. त्यांच्या शेजारी बसलेल्या धाकट्या दिराला, हिंदुरावांना, कल्पना आली.

 परतीच्या वाटेवर मोरगाव मागं पडल्यावर हिंदुराव जीपमध्ये म्हणाले, "ऊस आपला, साखर आपली. मग फूल आपलं आन् औषध त्यांचं, ह्यो कुठला न्याय?" दुसऱ्या दिवशी त्यांनी उसाचा खोडवा मोडून अर्धा एकर रान मोकळं केलं. देवळामागची, शाळेच्या कुंपणाची, मसणवाटेची, एवढंच काय सरकारी दवाखान्याच्या दारातली सदाफुली मुळासकट उपटून आणून सरीवर लावली. पाटाचं पाणी दिलं. युरियाही दिला. गावात आठवडाभर कुणाच्या दारात फूल म्हणून दिसलं नाही. आणि पुण्याची पहिली तारीख त्या गडबडीत निघून गेली, कारण 'हंगाम तोंडावर आलेला असताना घर सोडून कसं चालेल?'

डॉक्टरांनी फोनवर दुसरी तारीख दिली, सोमवारची. आणि ही चुकवू नका, असं ते दोनदा म्हणाले. आता त्या सोमवारच्या आधीचा हा रविवार.

"ऋषी," छकुली चरकाजवळ गेली. "जीप दुपारी काढायची ठरलंय आपलं. विसरलास का?"

ऋषिराज हिंदुरावांचा मुलगा. वालचंदनगरला वर्कशॉपात होता. मागच्या आठवड्यात त्यानं छकुलीच्या हातावर हात ठेवून शब्द दिला होता की आबा काहीही म्हणोत, मोठ्या आईला मी पुण्याला नेणार. तेव्हा त्यानं चरक पाहिला नव्हता.

"काढू की," तो रोलरखालून बोलला. "पर छकुले, हे बघ तरी. ऊस जाड आन् ही काटकी बारीक. घातली तशी न पिळताच बाहेर येत हुती. म्या पातळ पत्र्याची शिम घालून दोन्ही रोलरमधली फट कमी केली. आता बघ कसं चिपाड निघतंय! कोरडं ठाण!"

त्याचे डोळे चमकत होते. छकुलीला कळलं, आपला एकुलता एक मित्रपक्ष यंत्रानं फोडला.

हिंदुरावांनी नारळ वाढवला. मोळी टाकली. इंजिन फटफटलं, आणि चरकाखालच्या पातेल्यात गडद हिरवा, फेसाळ, कडूजहर वासाचा रस पडायला लागला. आठ दिवस खलबत्त्यात कुटून कौसल्याबाईंना वाटीभर पाजला तो हाच. त्या वाटीनंतर त्यांना अन्न नकोसं व्हायचं, हात कापायचे. हिंदुराव म्हणायचे, रोग निघतोय.

"आता ब्रिक्स," हिंदुराव म्हणाले.

ऋषिराजनं खिशातून ब्रिक्स मीटर काढलं. उसाला तोड द्यायच्या आधी रसाचा थेंब काचेवर टाकून, उजेडाकडं धरून, गोडी किती भरली ते बघायचं हे नळकांडं तालुक्यातल्या पोराटोराला माहीत. त्यानं हिरवा थेंब टाकला, एक डोळा मिटला.

"पाच, आबा. साडेपाचला आलंय."

"साडेपाच टक्के औषध!" हिंदुरावांनी फेटा सारखा केला. "पहिल्याच मोळीला! सुरवातीचा उतारा नेहमी कमीच असतोय. वैनी, ऐकलं का?"

कौसल्याबाई सोप्यात खांबाला टेकून लसूण सोलत होत्या. गळ्यावरून पदर घट्ट ओढलेला. "ऐकलं," म्हणाल्या, आणि पुढची पाकळी घेतली.

छकुलीनं पुढं होऊन ऋषिराजच्या हातातनं मीटर काढून घेतलं, काच पदरानं पुसली. सारजाकाकी, हिंदुरावांची बायको, सगळ्यांना चहा घेऊन आली होती. छकुलीनं तिच्या ट्रेमधल्या कपात करंगळी बुडवली आणि थेंब काचेवर टाकला.

"बघा, तात्या."

हिंदुरावांनी डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"किती?"

"तेरा," हिंदुराव पडेल आवाजात म्हणाले.

"म्हंजी काकीच्या चहात तुमच्या रसाच्या दुपटीहून जास्त औषध हाय. मग आईला चहाच पाजा की. अहो, पाण्यात जे काय विरघळलंय ते सगळं ह्या काचंवर दिसतं. साखर, मीठ, चीक, सगळं."

सारजाकाकी ट्रे घेऊन उभी होती. "माझ्या चहाला आजवर कुणी मार्क दिलं न्हवतं," ती म्हणाली.

"तू आत जा."

"जाते. कप गोळा करून जाते."

पण ती गेली नाही. दाराच्या उंबऱ्यावर बसली. छकुलीनं ते पाहून ठेवलं.

"तात्या, आता माझं ऐका," ती म्हणाली. कॉलेजातला आवाज तिनं मुद्दाम लावला नाही, घरचाच लावला. "डॉक्टर खोटं बोलले न्हाईत. सदाफुलीतनं औषध निघतं. पर सदाफुलीत सत्तर-ऐंशी जातीची द्रव्यं असत्यात. त्यातली दोन कामाची."

"ऐंशीत दोन? म्हंजे आमच्या पंचकमिटीपेक्षा बरंच हाय की."

"आन् बाकीची काय करत्यात ते त्यांचं त्यांना ठाऊक. एखादं शुगर उतरवतंय, एखादं बीपी पाडतंय. कामाचं निराळं काढावं लागतंय. त्यालाच कारखाना लागतो."

"उतारा किती?" हिंदुरावांनी मुद्द्याचं विचारलं. हा प्रश्न त्यांनी आयुष्यात सगळ्यांना विचारला होता. ऋषिराजसाठी मुलगी बघायला गेले तेव्हाही विचारला होता.

"वाळलेल्या पाल्याच्या टनाला चिमटीभर."

"चिमटीभर म्हंजे किती पोती?"

"चिमटीभर म्हंजे चिमटीभर, तात्या. तपकिरीएवढं."

 क्षणभर छकुलीला वाटलं, जिंकलो. पण सहकारात मुरलेला माणूस आकड्यानं मरत नाही.

"मग वैनीला तरी चिमटीभरच लागल की!" हिंदुराव म्हणाले. "पोत्यानं थोडंच घालायचंय? अर्ध्या एकरात वैनीपुरतं निघतंय. भागलं!"

"ते वजनावर मोजून शिरेत देत्यात. शिरेबाहेर थेंब सांडला तर मांस जळतं, इतकं जहाल. तांब्यानं प्यायची वस्तू हाय का ती?"

"बघा!" हिंदुराव सगळ्यांकडं वळले. "मांस जाळणारी वस्तू परक्याच्या हातनं माझ्या वैनीच्या अंगात घालायची, आन् घरचा ताजा रस टाकून द्यायचा. ही शिकलेली पोर! ऋषी, तू बोल. तू इंजिनेर हायस."

ऋषिराजनं चरकाकडं पाहिलं, मग छकुलीकडं, मग परत चरकाकडं. "आबा, एक हंगाम बघायला काय हरकत हाय? म्हंजे, पंधरा दिवस."

"ऋष्या!" छकुली म्हणाली.

"पंधराच दिवस गं."

"पंधरा दिवस गाठ थांबणार हाय का? तिला तू सांगितलंस?"

"भांडायचं न्हाय," हिंदुराव म्हणाले. "रीतसर हात वर करून ठरवू. रसाच्या बाजूनं कोण?" त्यांनी स्वतःचा हात वर केला. ऋषिराजचा अर्धा वर गेला आणि कानापाशी थांबून खाजवायला लागला. तो पूर्ण धरण्यात आला.

"विरुद्ध!" छकुलीनं दोन्ही हात वर केले.

"तुझं मत बाद. तुझं लगीन व्हायचंय. उद्या तुझं गाव बदलणार, मग तू हितली सभासद कशी? सारजा मतदानाला बसत न्हाय. राहिलं दादा."

सगळ्यांनी सावळारामकडं पाहिलं. सावळाराम म्हणजे कौसल्याबाईंचा नवरा, हिंदुरावांचा थोरला भाऊ, छकुलीचे वडील. ते बाजेवर बसून तंबाखू मळत होते. घरातली पाच-सहा लग्नं, भावकीतल्या दोन वाटण्या आणि एक कोर्टकेस ते तंबाखू मळत असतानाच पार पडली होती. धाकटा भाऊ बोलतो, आपण मळतो, अशी कामाची वाटणी होती आणि ती कुणी मोडली नव्हती. त्यांनी चिमूट तळहातावर थापटली. वर पाहिलं. खाली पाहिलं.

"दादा तटस्थ," हिंदुरावांनी जाहीर केलं. "ठराव मंजूर. पुण्याची तारीख..."

"आन् मी?"

कौसल्याबाईंनी लसणाची सुपली बाजूला सारली होती.

"तुमी काय, वैनी?"

"माझा हात कुणी मोजला न्हाय."

हिंदुराव गडबडले. "वैनी, तुमच्याचसाठी तर चाललंय हे सगळं. तुमाला कशाला तरास?"

"सातबाऱ्यावर माझं नाव न्हाय. सोसायटीत माझा शेअर न्हाय. ठीक हाय. पर भावजी, गाठ माझ्या गळ्यावर हाय. तिच्यावर दुसऱ्या कुणाचं नाव लागलंय का? असलं तर दाखवा." त्यांनी पदर मागं सारला. कानाखालची गाठ लिंबाएवढी झाली होती. एरवी ती कुणाला दिसू नये म्हणून त्या उन्हाळ्यातही पदर लपेटून बसायच्या. "ह्या घरात आल्यापासनं सगळ्यांच्या सभेला च्या केला मी. आज हात वर करते. मी उद्याच्या इंजेक्शनाला पुण्याला जाणार."

त्यांनी हात वर केला.  तो खाली आलाच नाही.

 वैनी या घरात आली तेव्हा हिंदुराव चड्डीत होते. आई बाळंतपणात गेलेली. त्यांच्या नाकातला शेंबूड याच पदरानं पुसला होता. आजवर वैनीनं त्यांना 'न्हाय' म्हटलेलं नव्हतं. म्हणजे म्हटलं असेल, पण भाकरीबरोबर म्हटल्यामुळं ते कळलं नव्हतं.

"वैनी, मी... मी तुमच्या वाइटावर हाय का?" हिंदुराव म्हणाले. "इख देतोय का मी तुमाला?"

"मग तुमी प्या की आधी," उंबऱ्यावरून सारजाकाकी म्हणाली.

सगळे तिकडं वळले. सारजाकाकी घरच्या कुठल्याही सभेत बोललेली ही पहिलीच वेळ, आणि ती बोलली कपबश्या गोळा करता करता. "वैनीला वाटी दिली की त्यांच्या पोटात अन्नाचा कण राहत न्हाय. मी बघते रोज. मोरीत मीच पाणी वतते. इख न्हाय म्हणता ना? घ्या की तांब्याभर. चेअरमननं आधी प्यावं."

"तात्या, नको!" छकुली म्हणाली. "सकाळी शुगरची गोळी घेतलीया तुमी."

पण हिंदुरावांनी तांब्या भरला होता. भर सभेत आव्हान आलं की ते बसून राहणारे नव्हते; सोसायटीला याच गुणावर पडले होते. त्यांनी फेटा काढून ऋषिराजच्या हातात दिला, सूर्याकडं तोंड केलं आणि गटागटा तांब्या रिकामा केला. मिशीवरचा हिरवा फेस पुसला.

"बघा," ते म्हणाले. "काय झालं?"

काही झालं नव्हतं. हिंदुराव येरझारा घालत बोलू लागले. महाराष्ट्रात साखर कशी आली, दूध कसं आलं, आणि आता औषध कसं येणार. दुधापर्यंत ते उभ्यानं आले. औषधाशी येईतो चरकाला धरून होते. कपाळावर घामाचे टिपके, ओठ पांढरे.

"आबा, बसा," ऋषिराज म्हणाला.

"बसायला काय झालं? मी... ऋषी, अंगण कुणी फिरवलं?"

"कुणी न्हाय."

"मग सभा..." हिंदुरावांनी हात वर केला, "सभा तहकूब," म्हणाले, आणि मोळीवर ओणवे होऊन अख्खा पहिला हंगाम त्यांनी जागच्या जागी परत केला.

मग जे झालं ते फार भराभर झालं. सारजाकाकीनं बोंब ठोकली. आधी टोमणा मारला तीच आता कपाळ बडवत होती. छकुलीनं साखरेच्या डब्यात हात घालून मूठभर साखर हिंदुरावांच्या गालात कोंबली. "ऋषी, जीप!" ती ओरडली, आणि या वेळी ऋषिराजनं चरकाकडं वळूनही पाहिलं नाही. हिंदुरावांना मागच्या बाकावर आडवं घातलं. पाय बाहेर राहिले. ते आत घेतले तर डोकं बाहेर यायचं.

"मांडीवर घ्या डोकं," कुणीतरी म्हणालं.

मांडी कौसल्याबाईंची होती. त्या कधी चढून बसल्या ते कुणाला दिसलं नव्हतं. पायांशी छकुलीनं भरलेली पिशवी.

"मोठे आई, तू कुठं? तू आजारी हायस!" ऋषिराज म्हणाला.

"म्हणूनच. गाडी बारामतीपतूर जातीय ना? तितनं पुण्याचीच वाट हाय. हाण."

सावळाराम बाजेवरून उठले. तळहातावरची मळलेली तंबाखू त्यांनी तोंडात न टाकता अंगणात झटकून टाकली. पुढच्या सीटजवळ आले आणि दार उघडून आत बसले. "मी बी येतो," म्हणाले. मग बायकोकडं मागं वळून, जरा चाचरत, "माझा हात तुझ्याकडनं हुता. वर करायला उशीर झाला."

"चालंल," कौसल्याबाई म्हणाल्या. "दार नीट लावा."

बारामतीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हिंदुरावांना सलाईन लावलं, शुगर बघितली, बीपी बघितलं आणि विचारलं, "काय खाल्लं होतं?" ऋषिराज म्हणाला, "सदाफुली." डॉक्टर म्हणाले, "किती?" ऋषिराज म्हणाला, "एक मोळी." यावर डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग रात्रभर इथंच ठेवू, उद्या बरे होतील, म्हणाले.

कौसल्याबाईंनी दिराच्या कपाळावर हात ठेवला. हिंदुरावांनी डोळे उघडले.

"वैनी, रसात चूक न्हाय. चरक नवा हाय."

"व्हय, भावजी."

"तुमी निघालाच?"

"निघाले. ऋषी सोडून येतोय आमाला. सारजा मागनं एसटीनं येतीया तुमच्यापाशी. भात खावा उद्या, मऊ करून. हट्ट करू नका." आणि त्या वळल्या. सावळारामनं पिशवी उचलली होती. दारात पोचेपर्यंत एकदा भिंत धरून त्या थांबल्या, मग भिंत सोडली आणि चालू लागल्या.

छकुली त्यांच्या मागं निघाली, तोच हिंदुरावांनी तिच्या मनगटाला धरलं. सुई नसलेल्या हातानं.

"छकुले, त्या इंजेक्शनानं काय काय व्हतं? खरं सांग."

"उलट्या व्हत्यात. केस जात्यात. तोंडाला चव राहत न्हाय. पर गाठ विरघळती, तात्या. पुष्कळांची विरघळलीया."

"किती दिवस?"

"सहा-एक महिने. पंधरा दिवसाला एकदा."

हिंदुराव सलाईनच्या नळीकडं बघत राहिले. थेंब पडत होते. त्यांचे डोळे भरून आले होते, पण ते म्हणाले, दवाखान्यातला फिनेल फार उग्र आहे.

"कागद घे," ते म्हणाले. "लिही. माझा हात अडकलाय. उद्या वैनीच्या आधी हा त्या डॉक्टराच्या टेबलावर पायजे. सही मागनं करतो."

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. छकुलीनं टेबलावरचा औषधाच्या जाहिरातीचा कागद उलटा केला, आणि तात्या सांगत गेले तसं उभ्यानं लिहीत गेली:

प्रति,
मा. मोठे डॉक्टरसाहेब, कॅन्सर विभाग, पुणे यांसी.

विषय: इंजेक्शनाच्या पाळ्या वाटून मिळणेबाबत.

महोदय,
सविनय अर्ज करतो की, सौ. कौसल्या सावळाराम शिर्के, रा. माळेगाव बुद्रुक, या आमचे एकत्र कुटुंबातील असून सदर कुटुंबात जमीन, पाणी व चूल आजतागायत समाईक आहे. सबब आजारही समाईक धरणेत यावा. इंजेक्शनापासून होणारा त्रास एकट्या रुग्णाचे अंगावर न टाकता, कालव्याच्या पाणीपाळीप्रमाणे कुटुंबातील सर्व सज्ञान इसमांत क्रमवारीने वाटून देणेत यावा. गुण मात्र संपूर्णपणे रुग्णाचेच खाती जमा करावा. अर्जदार धडधाकट असून त्यास उलट्यांचा ताजा अनुभव आहे. तरी पहिली पाळी अर्जदाराची धरणेत यावी, ही विनंती.